मुन्नार : पाठीवर सॅक, लाल-पिवळी बस आणि पन्नाशीतले चौघे

तलावपाळीकर
२० फेब्रुवारी, रात्री १०.५०

शाळेच्या ग्रुपवर ‘एकदा सगळे मिळून जाऊ या रे’ हे वाक्य गेली अकरा वर्षं फिरत होतं. यंदा तेवीस जणांनी अंगठे दाखवले, नऊ जण ‘नक्की’ म्हणाले आणि तिकिटं काढायच्या दिवशी चौघे उरलो. मी (बँक, ठाणे), डॉक्टर (नेरूळ), सीए (घोडबंदर रोड) आणि बंड्या (कळवा, हार्डवेअरचं दुकान). सगळे पन्नाशी ओलांडलेले. दोघांना शुगर, एकाचा गुडघा, आणि बंड्याला काहीच नाही, कारण तो तपासतच नाही.

अट एकच होती : गाडी करायची नाही. सकाळी आठला इनोव्हा, मग फोटो पॉइंट, इको पॉइंट, चॉकलेटचं दुकान आणि पाचला हॉटेल, अशी मुन्नारची सहल आमच्यापैकी तिघांनी बायकामुलांसोबत केलेली होती. तिघांनाही त्यातलं मुलांना गाडी लागल्याचं तेवढं आठवत होतं.

तयारी म्हणून जानेवारीतले चार रविवार उपवनपासून वर येऊरपर्यंत भरलेली सॅक घेऊन चढलो. पहिल्या रविवारी बंड्याची सॅक डॉक्टरने त्याच्या दवाखान्यातल्या काट्यावर ठेवली. चौदा किलो! आत दोन किलो भडंग, थालीपिठाची भाजणी, गॅसचा छोटा स्टोव्ह आणि अर्धा किलो चहा पावडर. चहाच्या मळ्यात चहा पावडर घेऊन निघालेला हा पहिलाच माणूस असावा. गाडीत सिलिंडर चालत नाही हे त्याला महिनाभर सांगत होतो. शेवटी ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर स्टोव्ह भावाच्या हाती परत गेला. पावडर मात्र सॅकमध्येच राहिली.

नेत्रावती एक्स्प्रेस कुर्ला टर्मिनसहून निघते आणि दुपारी बाराच्या सुमारास ठाण्याला येते, नंतर पनवेल. नवी मुंबईकरांनी पनवेलहूनच चढावं. आमच्या डॉक्टरने ‘मी तुमच्याबरोबर ठाण्यालाच बसतो’ म्हणून नेरूळहून ट्रान्स-हार्बरने उलटा प्रवास केला आणि दीड तासाने त्याच्याच घराजवळून पुढे गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आलुव्याला उतरायचं. एर्नाकुलमपर्यंत जायची गरज नाही. आलुव्याहून कोतमंगलम, नेरियमंगलमचा जुना पूल, अडिमाली आणि मुन्नार, सुमारे एकशे दहा किलोमीटर. बस साडेचार तास घेते. नेरियमंगलमपासून घाट सुरू होतो तो संपतच नाही. खिडकीला काच नसते, वर गुंडाळलेला ताडपत्रीचा पडदा असतो. पाऊस आला की तो सोडायचा.

आता चूक. आमचा पहिला दिवस राजमलाचा, म्हणजे एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाचा होता. नीलगिरी ताहर हा डोंगरी बोकड तिथे माणसांच्या अगदी जवळ येतो. सगळं नियोजन सीएचं, एक्सेल शीटमध्ये, रंग भरलेलं. सकाळी गेटवर पोचलो तर बंद. फेब्रुवारी-मार्च हा ताहरच्या विणीचा हंगाम, दर वर्षी साधारण दोन महिने उद्यान बंदच असतं. शीटमध्ये ‘पर्यायी योजना’ असा रकाना होता, तोही भरलेला होता : चहाचं संग्रहालय. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो, तो सोमवार निघाला. संग्रहालय सोमवारी बंद. सीए त्यानंतर दोन तास बोलला नाही आणि आम्हीही त्याला बोलता केला नाही.

पण राजमला बुडालं म्हणून पहिल्याच दिवशी दुपारची कोविलूरला जाणारी बस पकडली आणि टॉप स्टेशनला उतरलो. मुन्नारपासून बत्तीस किलोमीटर, तमिळनाडूच्या सीमेवर. पलीकडे दरी एकदम खाली कोसळते आणि तळाशी थेनीचा मैदानी मुलूख पसरलेला. रात्र तिथल्याच एका घरात काढली. गरम पाणी मिळेल म्हणाले होते. पाणी मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉप स्टेशन ते कुंडला धरण असे बारा-एक किलोमीटर चाललो, डांबरी रस्त्याने, दोन्ही बाजूंना मळे. संग्रहालयाचं ते दुपारी, बसने परतल्यावर. सगळ्या सहलीत हा चालायचा तुकडा सर्वांत चांगला झाला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गाडीतून मळा म्हणजे हिरवी गोधडी दिसते. पायी गेलं की पहिल्यांदा आवाज ऐकू येतो, कच् कच् कच्. आम्हाला वाटलं बायका दोन पानं एक कळी असं बोटांनी खुडत असतील, पाकिटावर असतं तसं. इथे हातात मोठी कात्री होती आणि कात्रीच्या एका पात्याला डबा जोडलेला. कात्री चालवली की पाला डब्यात, डबा भरला की मागे पाठीवरच्या पोत्यात. पुढून कमरेला जाड प्लास्टिक बांधलेलं, कारण झुडपं ओली आणि टणक फांद्यांची. झुडूप सगळीकडे कमरेइतकंच. एल्लपट्टीच्या वळणावर पोती मोजणं चाललं होतं. तीन बांबूंच्या तिवईला काटा लटकवलेला, एकेक बाई पोतं अडकवते, वहीवाला आकडा बोलतो, आणि बाई काट्याकडे न बघता वहीकडे बघते. बंड्या हे पाहून म्हणाला, ‘माझ्या दुकानात खिळे घेणारे पण असंच करतात.’ डॉक्टरला पेशंटांमुळे मोडकं तमिळ येतं. त्याने पाल्याकडे बोट दाखवून विचारलं, तर ती बाई म्हणाली, ‘कोळुंदु.’ कोवळा शेंडा. मग तिने आमच्या सॅककडे बोट दाखवून काहीतरी विचारलं आणि सगळ्या हसल्या. डॉक्टरने भाषांतर केलं : ‘तुम्हाला याचे किती मिळतात?’

पुढे एका जुन्या बंगल्याच्या कुंपणापाशी एक झाड होतं, चांगलं वीस फुटी, दोन-चार पांढरी फुलं राहिलेली. बंड्याने पान तोडून चुरगळलं, वास घेतला आणि म्हणाला, ‘अरे हा चहाच आहे.’ खरंच चहा. छाटला नाही तर त्याचं झाड होतं. दीडशे वर्षं त्याला कमरेइतकाच ठेवलाय, म्हणून झुडूप.

खर्च : चार रात्री धरून माणशी आठ हजार सातशे, रेल्वे स्लीपरने. बाकी विचारा.

घणसोली_घाट
२० फेब्रुवारी, रात्री ११.१५

‘पाणी मिळालं’ला फुटलो. वाचतोय. कोलुक्कुमलै केलंत का?

मिसळभक्त
२० फेब्रुवारी, रात्री ११.३२

संध्याकाळच्या बैठकीचं काही लिहिलं नाहीत ते! की ते शीटमध्ये वेगळ्या रंगात होतं?

तलावपाळीकर
२१ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

@मिसळभक्त, दोघांना शुगर. बैठक कट्टन, म्हणजे बिनदुधाच्या, चहावर झाली.

@घणसोली_घाट, केलं. तिसऱ्या दिवशी सूर्यनेल्लीहून जीपने. तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही आणि न्यावीशी वाटणारही नाही. रस्ता म्हणजे दगडांची रास, जीप त्यावरून रांगत जाते. पहाटे चारला निघालो. भाडं माणसामागे नसतं, अख्ख्या जीपचं असतं, तेव्हा सहा जण जमवून जा. आम्ही चौघांनी सहांचे पैसे दिले, आणि जीपवाल्याने वाटेत त्याच्या ओळखीचे दोघे बसवले ते वेगळंच. वर सुमारे आठ हजार फुटांवर मळे आहेत, हद्द तमिळनाडूची, वाट मात्र केरळातून. ढग पायाखाली होते. फोटो टाकत नाही, सगळ्यांचे सारखेच येतात.

वर १९३०च्या दशकातला लाकडी कारखाना आहे. चालू! यंत्रं जुनी, पट्ट्यावर फिरणारी, आणि आत वास असा की बंड्याने टोपी काढली.

कोट्टयमची_सून
२१ फेब्रुवारी, सकाळी ९.४८

मी ऐरोलीची, सासर कोट्टयमजवळ, त्यामुळे राहवलं नाही. थोडी भर.

त्या लाल-पिवळ्या बसला तिकडे प्रेमाने ‘आनवंडी’ म्हणतात, म्हणजे हत्तीगाडी. राज्याच्या चिन्हात दोन हत्ती आहेत, ते बसवर असतात. दोरीची घंटा आपल्या बेस्टसारखीच : एक टोला थांब, दोन टोले चल. उतरायचं असेल तर ओरडायचं, ‘आळ इरंगानुंड’, म्हणजे उतरणारं माणूस आहे. हे एक वाक्य पाठ करा, कंडक्टर लगेच तुमच्या बाजूचा होतो. पुढच्या सीट बायकांच्या असतात. आपले लोक हमखास तिथे बसतात आणि मग उठवलं की चिडतात.

चहात साखर कमी हवी तर ‘मधुरम कुरच्चु’. दुधाशिवाय हवा तर ‘कट्टन’. दुपारी स्टँडवर पळमपोरी मिळते, पिकल्या नेंद्र केळ्याची भजी. गरम असेल तरच घ्या, गार झाली की चामड्यासारखी.

आणि तुमच्या डॉक्टरांचं तमिळ चाललं यात नवल नाही. मुन्नारच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या तमिळ कामगार आहेत, गावातही मल्याळमइतकंच तमिळ ऐकू येतं. माझ्या सासूबाई मुन्नारला गेल्या की दुकानात स्वतःच परक्या असल्यासारखं बोलतात.

रूळ_आणि_रुळकरी
२१ फेब्रुवारी, दुपारी १.२०

ठाणेकरांनी टॉप स्टेशनला जाऊन रेल्वेचा विषय काढू नये? १८५३ला पहिली गाडी आपल्या गावात आली ना!

‘टॉप स्टेशन’मधलं स्टेशन खरोखरचं आहे. १९०२मध्ये मुन्नारहून कुंडला खोऱ्यातून तिथवर एकरुळी गाडी होती. एक चाक रुळावर, दुसरं मोठं चाक बाजूच्या रस्त्यावर, आणि ओढायला बैल. १९०८मध्ये तिच्या जागी दोन फुटी रूळ आले आणि वाफेचं इंजिन आलं. आपली माथेरानची गाडी १९०७ची, तीही दोन फुटी, म्हणजे दोघी जवळजवळ जुळ्या. चहाच्या पेट्या गाडीने टॉप स्टेशनपर्यंत, तिथून लोखंडी दोरावर लटकत खाली तमिळनाडूतल्या बॉटम स्टेशनला, मग पुढे बोडिनायकनूर आणि तुतिकोरिन बंदर. रस्ता नव्हता म्हणून एवढा खटाटोप.

१९२४च्या जुलैतल्या पुराने सगळं वाहून नेलं. केरळात त्याला ‘९९चा पूर’ म्हणतात, कारण मल्याळी पंचांगात ते १०९९ साल होतं. रेल्वे परत कधी बांधली नाही. माथेरानची मात्र दर पावसाळ्यात बंद पडून पुन्हा चालू होते, हे आपलं नशीब. (नशीब की रेल्वेवाल्यांची चिकाटी, यावर दुसरा धागा काढू.)

तलावपाळीकर
२१ फेब्रुवारी, दुपारी २.०५

हे आधी वाचलं असतं तर! टॉप स्टेशनला आमचा सीए स्थानिकांना ‘स्टेशन किधर है’ असं विचारत फिरला आणि सगळ्यांनी त्याला बसथांबा दाखवला.

खडूस_खारघर
२१ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४०

लेख खुसखुशीत आहे, पण दोन खुसपटं काढतो.

एक : ‘मळ्यांतून चालत गेलो’ असं वाचून उद्या कोणीतरी सॅक घेऊन मळ्यात शिरेल. सगळे मळे कंपन्यांचे आहेत, खासगी. रस्त्यावरून चालायला कोणी अडवत नाही, आत शिरलात तर वॉचमन हाकलतो, आणि बरोबर करतो. आतले रस्ते औषध फवारणीचेही असतात.

दोन : निसर्ग निसर्ग म्हणून सगळे जातात त्या हिरव्या गोधडीखाली एके काळी शोला होता, म्हणजे डोंगराच्या घडीघडीत बुटकं सदाहरित रान आणि वर गवताळ माथे. १८७७मध्ये मन्रो नावाच्या इंग्रजाने पूंजार राजघराण्याकडून ही डोंगरपट्टी भाडेपट्ट्याने घेतली, आणि १८८०च्या सुमारास शार्प नावाच्या मळेवाल्याने पार्वती मळ्यात चहा लावला. त्यानंतर रान गेलं. मूळचं कसं होतं ते पाहायचं तर तुमचं ते बंद निघालेलं एरविकुलमच. गंमत अशी, की तेही मळेवाल्यांमुळेच उरलं, कारण ती त्यांची शिकारीची राखीव जागा होती. १९७५ला अभयारण्य झालं आणि १९७८ला राष्ट्रीय उद्यान. आत अनमुडी, २,६९५ मीटर. दक्षिण भारतात त्याहून उंच काही नाही. कळसूबाई १,६४६, म्हणजे मुन्नार गावापेक्षा फारशी उंच नाही. हे आपल्या अहंकारासाठी सांगितलं.

कळवा_खाडी
२१ फेब्रुवारी, सायंकाळी ७.१२

तुमच्या बंड्याचा मी चुलतभाऊ. स्टोव्ह माझ्याकडे आहे. चहा पावडरचं पुढे काय झालं ते त्याने घरी सांगितलेलं नाही.

गवती_चहा
२१ फेब्रुवारी, रात्री ८.३०

@खडूस_खारघर, तिसरं खुसपट मी काढते. ती ‘तुम्हाला याचे किती मिळतात’ विचारणारी बाई धाग्यात विनोदापुरती आली. या बायकांनी २०१५च्या सप्टेंबरात मुन्नारचा रस्ता अडवला होता. ‘पेंपिळै ओरुमै’, बायकांची एकजूट. वीस टक्के बोनस आणि मजुरीवाढ मागितली. विशेष म्हणजे युनियनच्या पुढाऱ्यांनाही त्यांनी जवळ येऊ दिलं नाही, ‘तुमची घरं पक्की कशी झाली’ असं विचारलं. बोनस मिळाला. रोज २३२ रुपयांवरून ३०१वर गेला, मागणी ५००ची होती.

राहायला लयम. आपल्याकडच्या चाळीसारखी ओळीतली खोल्यांची रांग, बरीच ब्रिटिश काळातली. ऑगस्ट २०२०मध्ये पेट्टिमुडीला रात्री दरड कोसळली तेव्हा अशाच रांगा गाडल्या गेल्या, सत्तर माणसं गेली. राजमलाच्या पलीकडेच आहे ते. माळीण आठवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तलावपाळीकर
२१ फेब्रुवारी, रात्री ९.५५

मान्य. तिच्या प्रश्नावर हसणारे आम्हीही होतो. हसू तिचंच होतं, विनोद आमच्यावर होता, पण तो मी फार पटकन गुंडाळला. काट्यापाशी अजून एक पाहिलं ते लिहायचं राहिलं. एका पोत्याला आकडा बोलल्यावर वहीवाल्याने तो खोडून कमी लिहिला, पाला ओला म्हणून. ती बाई काही बोलली नाही. पोतं उतरवून तिने मूठभर पाला काढला, दोन्ही तळव्यांत दाबला आणि हात उघडून त्याच्यासमोर धरला. तळवे कोरडे होते. त्याने परत आधीचा आकडा लिहिला. हे सगळं दहा सेकंदांत झालं, आम्ही फोटो काढायच्या नादात होतो, बंड्यानेच फक्त नीट पाहिलं आणि रात्री सांगितलं.

मसालामार्केट_तुर्भे
२१ फेब्रुवारी, रात्री ११.०२

बरीच वर्षं वाचनमात्र. चहाचा विषय निघाला म्हणून टंकतोय. तुर्भ्याला वडिलांपासून किराणा माल आणि चहाचा धंदा.

ओल्या पाल्याचा काय झगडा असतो ते समजून घ्या. चार ते साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो, बाकी पाणीच. म्हणून वहीवाला कुरकुरतो. पाला कारखान्यात आला की आधी लांब कुंडांत पसरून खालून हवा सोडतात, सुकवायला नाही, मऊ करायला. मग दोन वाटा. एक ऑर्थोडॉक्स : पान वळायचं, जमेल तेवढं अखंड ठेवायचं. कोलुक्कुमलैला तेच चालतं. दुसरी सीटीसी : दातेरी रूळांमधून पाला चेचत, फाडत, वळवत काढायचा, त्याचे दाणे होतात. मग दोन्हीकडे तो तांबडा होईस्तोवर हवेवर ठेवतात आणि भट्टीत वाळवतात. आपण घरी ‘पावडर’ म्हणतो तो सीटीसीचा बारीक माल, धंद्यातलं नाव डस्ट. डस्ट म्हणजे झाडलेली धूळ असं समजून तिथे नाक मुरडू नका. टपरीवाल्याला तोच लागतो, कारण लवकर उतरतो आणि दुधात रंग धरतो. कोचीच्या लिलावात मुख्यतः डस्टच विकला जातो.

ऑर्थोडॉक्स आणलात तर त्यात दूध-आलं घालून उकळू नका. घरोघरी हेच होतं आणि मग ‘तिकडचा चहा फिका’ असं येऊन मला सांगतात. पाणी उकळवा, गॅस बंद करा, पान टाका, तीन-चार मिनिटं झाकण. एवढंच.

मुन्नारच्या रस्त्यावर सुटा चहा घ्याल तर एक करा. टिपकागद ओला करून त्यावर चिमूटभर टाका. रंग मारलेला असेल तर लगेच लाल-तपकिरी ठिपके फुटतात. चांगल्या चहाचा कागद जवळपास तसाच राहतो.

घणसोली_घाट
२२ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

@मसालामार्केट_तुर्भे, वाचनमात्र राहून तुम्ही आमच्यावर अन्याय केलात.

धागाकर्ते, एक विचारायचं होतं. आम्ही सहा जण, वय तिशी, मार्चअखेर जातोय. कोलुक्कुमलैहून पायी खाली कुरंगणीला उतरायचा विचार आहे. एका ग्रुपवर वाट सोपी आहे म्हणाले. कोणी केलीय?

खडूस_खारघर
२२ फेब्रुवारी, सकाळी ८.२२

नका.

येऊरवाला
२२ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

खडूसरावांचा एका शब्दाचा प्रतिसाद मी लांबवतो. ११ मार्च २०१८. याच उतारावर ट्रेकर्सचा मोठा गट वणव्यात सापडला. बहुतेक चेन्नई आणि पश्चिम तमिळनाडूतली नोकरी करणारी तरुण मुलं-मुली. वीसहून जास्त गेले. वाट सोपीच होती. पण मार्चमध्ये तिथलं लेमनग्रास आणि माथ्यावरचं गवत कोरडं ठणठणीत असतं, डोंगराला वारा लागतो आणि आग चढणीवर माणसापेक्षा वेगाने पळते. वर जावं तर आग, खाली जावं तर दरी. त्यानंतर तमिळनाडूने ट्रेकिंगचे नियम कडक केले. वनखात्याची परवानगी नसेल तर त्या वाटेवर पाऊलही टाकू नका. ‘सोपी आहे’ म्हणणाऱ्या ग्रुपला परवानगीचा कागद मागा, लगेच कळेल.

चालायचंच असेल तर मीसपुलिमला शिखर करा, २,६४० मीटर. केरळ वन विकास महामंडळामार्फत होतो, मुक्काम, गाइड, नोंदणी सगळं त्यांच्याकडे. महाग वाटतो. पण सह्याद्रीत आपण पाच किल्ले फुकट केले म्हणून सगळीकडे तसंच असतं असं नाही. तोही उन्हाळ्यात वणव्यामुळे बंद ठेवतात, निघण्याआधी विचारून घ्या.

आणि हत्ती. अंधार पडल्यावर मळ्याच्या रस्त्यावर चालू नका. पडयप्पा नावाचा लांब सुळ्यांचा टस्कर मुन्नारच्या रस्त्यांवर खुशाल फिरतो, बसही थांबवतो. सूर्यनेल्लीच्या बाजूला चिन्नक्कनालला अरिकोंबन होता, रेशनचं दुकान फोडून तांदूळ खायचा, त्यावरूनच नाव, अरि म्हणजे तांदूळ. २०२३च्या एप्रिलमध्ये त्याला बेशुद्ध करून पेरियारला हलवला. बाकीचे तिथेच आहेत.

घणसोली_घाट
२२ फेब्रुवारी, सकाळी १०.०३

बापरे. हे माहीत नव्हतं. उतार रद्द. ग्रुपला कागद मागितला, अजून ‘टायपिंग’ दिसतंय.

तलावपाळीकर
२२ फेब्रुवारी, दुपारी १.३०

येऊरवाले, मनापासून धन्यवाद. जीपवाला आम्हालाही विचारत होता, ‘वॉकिंग डाउन? नो प्रॉब्लेम.’ गुडघा होता म्हणून वाचलो.

हत्ती आम्हाला दिसला नाही, पण चौथ्या दिवशी मरयूरच्या बसमध्ये ड्रायव्हरने इंजिन बंद करून दहा मिनिटं गाडी उभी ठेवली. कोणी काही विचारलं नाही. रस्त्यावर ताजी लीद होती, वाफ निघत होती. मग दोन टोले, चल.

मरयूरबद्दल दोनच ओळी : पर्जन्यछायेत आहे, तासाभरात मळे संपून एकदम आपल्या सोलापूर रस्त्यासारखं कोरडं होतं. चंदनाची झाडं, प्रत्येकाला नंबर आणि कुंपण. उसाचा काळपट गूळ, लाडवासारखा वळलेला. कोल्हापूरच्या माणसाला आवडणार नाही, आम्हाला आवडला.

सानपाडा_साठे
२२ फेब्रुवारी, दुपारी ३.१८

स्वस्तात राहायचं असेल तर मुन्नारच्या एसटी डेपोत जुन्या बसमध्ये बंक केलेत, २०२०पासून. सुरुवातीला माणशी शंभर रुपये होते. आता किती ते डेपोला विचारा. आम्ही राहिलो होतो. पहाटे चारला शेजारची खरी बस सुरू झाली आणि माझा मित्र झोपेत ‘पनवेल आलं का’ म्हणत उठला.

आणि नीलकुरिंजीच्या फुलांसाठी थांबणाऱ्यांना : बारा वर्षांनी फुलते, २००६, २०१८, आता २०३०. हॉटेलवाले दर वर्षी ‘थोडी फुललीय’ म्हणतात. असते थोडी, वेगळ्या जातीची.

कोट्टयमची_सून
२२ फेब्रुवारी, सायंकाळी ५.२६

पण त्या पावडरचं काय झालं? चुलतभाऊ कालपासून ताटकळलेत.

तलावपाळीकर
२२ फेब्रुवारी, रात्री १०.४०

सांगतो. टॉप स्टेशनच्या घरात रात्री थंडी एवढी, की घरमालकीण आमच्यासाठी कट्टन घेऊन आली. फिका, गोड, पातेलंभर. बंड्याने एक घोट घेतला, सॅक उघडली आणि पुडी काढून चुलीपाशी जाऊन बसला. भाषा शून्य. दूध कुठे ते हातवारे करून विचारलं, आलं तिच्या परसातच होतं. ठाण्याच्या नाक्यावर मिळतो तसा चहा केला, तीन वेळा वर आणून. तिने प्यायला, नवऱ्याला दिला, मग शेजारच्या दोन बायका आल्या. दोघी मळ्यावर कामाला. त्यांनी पुडी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, दाणे बोटांत घासले आणि आपसात बराच वेळ बोलल्या. डॉक्टर म्हणाला, त्या म्हणतायत की हा आमच्याकडचाच दिसतो, आम्ही मात्र कधी असा करून प्यायला नव्हता. दुसरीचं मत पडलं, आलं जास्त झालंय.

पुडी तिथेच ठेवून आलो. बंड्याला घरी सांगता येत नाही कारण वहिनींनी ती महिन्याच्या किराण्यातली दिली होती, ‘उरली तर परत आण’ म्हणून.

@कळवा_खाडी, हे इथेच राहू द्या.

कळवा_खाडी
२२ फेब्रुवारी, रात्री १०.४४

वहिनी माझ्याच शेजारी बसल्यात. मोठ्याने वाचत होतो.

मिसळभक्त
२२ फेब्रुवारी, रात्री १०.४७

बंड्यासाठी दोन मिनिटं शांतता.

तलावपाळीकर
२३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

रविवारी पहाटे साडेपाचला उपवनला भेटतोय, येऊर चढायला. सॅक रिकामी चालेल. ज्यांना नेत्रावतीचं, बसचं, घराचं तपशीलवार हवंय त्यांनी या, सीए शीट छापून आणणार आहे. त्यात आता ‘सोमवार’ला लाल रंग भरलाय. तुर्भेवाले, तुम्ही आलात तर टिपकागद घेऊन या. बंड्याने कोलुक्कुमलैहून दोन पाकिटं आणलीत आणि त्यातलं एक रस्त्यावर घेतलेलं आहे.

मसालामार्केट_तुर्भे
२३ फेब्रुवारी, सकाळी ६.५२

येतो. गरम पाण्याचा थर्मास कोणी आणतंय का?